घरगुती कारण

"सखाराम, तू बारा तारखेला सकाळी आलास आणि दुपारी गेलास. गेलास की नाही?"

"गेलो."

"मग अर्धा दिवस कापला जाणारच. तू सासुरवाडीला गेलास का आणखी कुठं, ते पंचिंग मशीनला कसं कळणार बाबा?"

खिडकीबाहेरची रांग खदखदून हसली. सखारामही हसला, पगाराची चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि निघाला. रत्नमाला साळवेनं चष्मा वर सरकवला आणि हाक मारली, "चला, पुढचं कोण?"

शेंद्र्याच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या दरवाजांच्या बिजागऱ्या बनत. चारशे माणसं तीन पाळ्यांत राबत आणि त्या चारशेंचे झाडून सगळे प्रश्न या एका खिडकीशी येऊन थांबत. पगार कमी का आला? पीएफ कापतात तो नेमका जातो कुठं? जुन्या कंपनीतला पीएफ इकडं कधी येणार? बाळाचं नाव दवाखान्याच्या कार्डावर चढलं का? दारावरच्या पाटीवर इंग्रजीत काहीतरी भारदस्त लिहिलेलं होतं, पण कामगार त्या जागेला 'ताईची खिडकी' म्हणत. एकोणीस वर्षं ती तिथं बसली होती. बोलायला फटकळ, पण माणूस रिकाम्या हातानं परत पाठवणार नाही. एकदा एकानं बायकोशी भांडून येऊन पीएफच्या वारसातून तिचं नाव खोडायला सांगितलं होतं. रत्नमालानं कॉम्प्युटरकडं बघत, मान न उचलता, "सिस्टीम बंद आहे, आठ दिवसांनी ये," म्हणून त्याला वाटेला लावलं. आठ दिवसांनी तो कशाला येतोय!

आज मात्र तिचं अर्धं लक्ष रांगेत आणि अर्धं घड्याळात होतं. मार्च संपत आला होता. दुपारी चारच्या चहाला कँटीनमध्ये वर्षाच्या बढत्यांची पत्रं वाटायची होती. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस विभागाच्या लाइन लीडरचं पत्र कडुबाच्या नावाचं होतं. ते टाइप करताना रत्नमालाला स्वतःची बढती झाल्यासारखं वाटलं होतं. सतरा वर्षं प्रेसवर, एक अपघात नाही, एक मेमो नाही. नवीन पोरांना कामाला लावायचं तर कडुबाकडं पाठवा, हे ठरलेलं. आणि तरी दरवर्षी कुणीतरी पुढं निघून जाई. तीन वर्षं तिनं साहेबांच्या मागं लकडा लावला, तेव्हा कुठं यंदा नाव लागलं. तिला इतका आनंद झाला, की काल सुटताना ती गेटपाशी त्याच्या कानात पुटपुटली, "कडुबाभाऊ, उद्या पेढे घेऊन या. मी काही बोलले नाही हं!"

हे असं आधी सांगायचं नसतं. ज्या बाईनं एकोणीस वर्षांत कुणाचा पगार कुणाला कळू दिला नाही, तिची जीभ नेमकी काल सुटली.

रांग संपली तसा कडुबा खिडकीशी आला. सेहेचाळीस वर्षांचा, हडकुळा, गणवेशाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. हातात पेढे नव्हते.

"ताई, ते कालचं... ते कागद निघाला का?"

"निघाला की. चार वाजता साहेब नाव पुकारतील. का हो? तोंड असं का उतरलंय?"

"नाव काढता येतं का त्यातून?"

रत्नमालाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं बाजूचं दार उघडून त्याला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं. तो खुर्चीच्या कडेला टेकला.

"आता बोला. काय भानगड?"

"भानगड नाय. पगार किती व्हईल?"

"आत्ता एकोणीस चारशे. एप्रिलपासून बावीस सहाशे. तीन हजार दोनशे वाढतात भाऊ, थट्टा नाही!"

"म्हंजी एकवीसच्या वर."

एकवीस हजार. नियमातली ती ओळ रत्नमाला झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल. पगार एकवीस हजारांच्या वर गेला, की दवाखान्याचं सरकारी कार्ड सुटतं. मग कंपनीचा विमा लागतो, आणि त्या विम्यात नवरा-बायको आणि दोन लेकरं बसतात. आई-बाप बसत नाहीत.

"घरात कोण आजारी आहे?" तिनं हळूच विचारलं.

"माय." कडुबा फरशीकडं बघत म्हणाला. "रक्ताचा आजार हाय. दोन वर्सं झाली. रोज एक गोळी, ऱ्हाईल तवर. गोळी चालू हाय तवर खडखडीत असती. कारडावर फुकट मिळती. बाहेर इचारली, तर महिन्याला चौदा हजार."

"दोन वर्षं! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? ज्याच्या घरी दुखणं, त्याला लाइन कोण देतं? म्हनतेत, हा दर आठवड्याला दांड्या मारणार. म्या सुट्टीच्या दिवशीच नेतो तिला दवाखान्यात. एक दांडी नाय पडू दिली."

ते खरंच होतं. त्याची हजेरी तिनंच साहेबांपुढं नाचवली होती. त्या स्वच्छ हजेरीमागं काय होतं, ते विचारायचं तिला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. कार्डावर त्याच्या आईचं नाव तिनंच आपल्या हातानं चढवलं होतं, आणि पत्र टाइप करताना ते तिच्या डोक्यातही आलं नाही. तिला स्वतःचाच राग आला. चारशे माणसांना नियम शिकवणारी शहाणी आपण, आणि आपल्याच माणसाच्या बाबतीत हे!

"एकवीसची हद्द वाढणार हाय म्हनतेत ना?" कडुबानं आशेनं विचारलं.

"दर बजेटला वाढते पेपरात."

ती उठली आणि तडक साहेबांच्या, म्हणजे सुदर्शन सरांच्या, केबिनमध्ये गेली. सुदर्शन सर तिशीचे, एचआरचे मॅनेजर, माणूस सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तिनं सगळे मार्ग सुचवले. लीडर करा, पगार जुनाच ठेवा. नाहीतर वाढ प्रवासखर्चात दाखवा. नाहीतर पत्र सहा महिन्यांनी द्या.

"मॅडम, पद दिलं की ग्रेड द्यावी लागते, ग्रेड दिली की पगार," ते म्हणाले. "कागदावर एक आणि हातात एक असं मी करणार नाही. तुम्हीच मला ते शिकवलंय. आणि प्रेसची लाइन सहा महिने रिकामी कशी ठेवू?"

नेमकं तिचंच वाक्य तिच्या अंगावर आलं होतं.

"तीन वाजेपर्यंत त्यांच्या हातचा अर्ज द्या. यादीत पुढचं नाव गोकुळचं आहे. त्याचं पत्र काढून ठेवा." मग जरा थांबून ते म्हणाले, "मलाही वाईट वाटतंय हो."

रत्नमालानं कडुबापुढं कोरा कागद ठेवला. त्यानं शाळेतल्यासारखं वर 'प्रति' लिहिलं, समास सोडला, ठळक अक्षरांत दोन ओळी लिहिल्या आणि पेन थांबलं.

"कारन काय लिहू? मायचं नाव नाय घालायचं. उद्या कुणी म्हनायचं, म्हातारीपाई गेली याची लाइन."

"घरगुती कारण लिहा."

या दोन शब्दांखाली तिनं आजवर हजारो अर्ज वाचले होते. लग्न, मयत, पेरणी, पाहुणे, नुसता कंटाळा, सगळं काही 'घरगुती कारणास्तव'. ती त्या शब्दांना हसायची. आज हसू आलं नाही. कडुबानं खाली सही केली, कागद तिच्याकडं दिला आणि "चला, प्रेसची डाय बदलायचीय," म्हणून निघून गेला.

जेवणाची सुट्टी संपता संपता गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला. "मॅडम, एक आजीबाई आल्यात. संगं पोरगी हाय. म्हनतेत, कारडवाल्या बाईलाच भेटायचंय. आन् कडुबाला सांगू नका म्हनतेत."

रत्नमाला उन्हातून लगबगीनं गेटवर गेली. नाकी डोळी नीटस, बारीक चणीची म्हातारी, डोक्यावरून पदर, पायात प्लॅस्टिकच्या चपला. शेजारी कॉलेजातली पोर, ओढणीनं वारा घेत. हर्सूलहून दोन रिक्षा बदलून आल्या होत्या. ही कडुबाची आई, द्वारकाबाई, आणि ती त्याची मुलगी, मोनिका.

"मी नको म्हणत होते," मोनिका कुजबुजली. "काल रात्री पप्पा मम्मीला सांगत होते, ते हिनं ऐकलं. सकाळपासून एकच धोसरा."

ऑफिसात पंख्याखाली बसवून रत्नमालानं पाण्याचा ग्लास पुढं केला. द्वारकाबाईनं तो हातात घेतला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"बाई, त्या दवाखान्याच्या कारडावर माझं नाव हाय. तेवढं काढून टाका."

"का बरं मावशी?"

"माझ्यापाई लेकराची बढती अडली. नावच नसलं कारडावर, तर तो कशाला नाय म्हनंल? काढा. अंगठा नाय, सही करते म्या. शिकलेय सही."

"मावशी, ते असं नाही होत. कार्ड त्यांचं. नाव चढवायला आणि काढायला त्यांचीच सही लागते."

द्वारकाबाईनं ग्लास टेबलावर ठेवला.

"त्याची सही?" ती म्हणाली. "आवं, जन्म म्या दिला. त्याच्या आधी दोन गेले माझे, म्हून म्या त्याचं नाव कडुबा ठिवलं, कुनाची दिष्ट लागू नये म्हून. त्याला नाव द्यायला म्या कुनाला नाय इचारलं. आन् माझं नाव काढायला त्याची सही?"

"असंच आहे मावशी. काय करणार!"

"कोन बसलंय वर, असा नियम करनारं?"

मोनिकाला हसू फुटलं. रत्नमालालाही आवरेना. म्हातारी मात्र हसली नाही. तिनं पदराची गाठ सोडली. आतून चमचमत्या कागदातल्या गोळ्यांची पट्टी निघाली.

"ह्या बगा. चार दिस घेतली नाय. सोमवारी भाकर थापता थापता सूनबाईच बोलली, बढती आली तर कारड जातंय. तवाच म्या ठरवलं. काय झालं मला? काय बी नाय. धडधाकट हाय. म्हंजी गोळीची गरजच नाय."

मोनिकानं पट्टीतल्या गोळ्या मोजल्या. "आजी! मी रोज विचारते तर घेतली म्हणतेस!"

रत्नमालाच्या मनात आलं, ही बाई आजारी पडेल तेव्हा कुणाला दोष द्यायचा? नियमाला? पोराला? का त्या बढतीसाठी तीन वर्षं लकडा लावणारीला? तिला म्हातारीला गदागदा हलवावंसं वाटलं आणि त्याच वेळी तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही न करता ती खुर्ची ओढून तिच्या समोर बसली.

"मावशी, नीट ऐका. कडुबाभाऊंनी सकाळीच लिहून दिलंय. बढती नको म्हणून. झालंय ते काम."

"फाडा तो कागद."

"फाडते. मग? मग त्यांना महिन्याला तीन हजार जास्त मिळतील आणि चौदा हजाराची गोळी ते बाहेरून आणतील. तुम्ही घेणार नाही म्हणालात तरी आणतील. कर्ज काढून आणतील. तुमचंच पोरगं आहे ना ते? ऐकेल?"

द्वारकाबाईनं गोळ्यांची पट्टी मुठीत धरली.

"त्यांनी तुमच्या गोळीसाठी बढती सोडली. तुम्ही त्यांच्या बढतीसाठी गोळी सोडली. मग दोघांच्या हातात राहिलं काय हो? बढतीही गेली आणि माणूसही जायचा. त्यांनी एवढं सोडलंय ते वाया घालवायचं का, सांगा."

मग म्हातारीनं पट्टीतून एक गोळी अंगठ्यानं दाबून काढली, तोंडात टाकली आणि टेबलावरचं पाणी घटाघटा प्याली.

"लई वाईट चव हाय," ती म्हणाली.

"रोज घ्यायची. मोनिकासमोर. आणि उद्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सांगायचं, चार दिवस चुकली म्हणून."

"वरडतील."

"ओरडू देत. मीही ओरडणार होते."

तेव्हा कुठं द्वारकाबाई हसली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "ते नावं पुकारायचं कवा हाय? आलेच हाय, तर बगून जाते. त्याचं काम कसलं हाय, म्या कधी बगितलंच नाय."

नियमानं बाहेरच्या माणसाला कँटीनमध्ये नेत नाहीत. रत्नमालानं पाहुण्यांचे दोन पास स्वतःच्या सहीनं काढले.

चार वाजता कँटीन भरलं. कडुबा आत आला, आईला बघून दारातच थबकला. मग पुढं येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "माय, तू हितं कशी?"

"रिक्षानं," द्वारकाबाई म्हणाली. "बस की. च्या घे."

तो रत्नमालाकडं बघू लागला. रत्नमालानं डोळ्यांनीच 'सगळं ठीक' अशी खूण केली. तो आईच्या शेजारी बाकावर बसला. सुदर्शन सरांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. टाळ्या, शिट्ट्या, चहाचे घोट. पेंट शॉपचा झाला, असेंब्लीची बाई झाली. मग प्रेस. "लाइन लीडर, प्रेस विभाग," साहेब म्हणाले, "गोकुळ!"

गोकुळचा तर विश्वासच बसेना. सगळ्यांच्या माना कडुबाकडं वळल्या आणि कडुबानं पहिली टाळी वाजवली. खणखणीत. मग सगळ्यांनीच वाजवल्या. रत्नमालाला बघवेना. ती उगाच यादीवर खुणा करत बसली.

गोकुळ पत्र घेऊन थेट कडुबापाशी आला. सहा वर्षांपूर्वी त्याच्याच हाताखाली तो प्रेस शिकला होता.

"दादा, हे तुमचं व्हतं," तो कसाबसा म्हणाला. "काहून असं झालं, आई शप्पत मला म्हाईत नाय."

"आरं, मीच नको म्हनलं," कडुबा म्हणाला. "आता या वयात कोन डोकं पिकवून घेतं! तू बगशील चांगलं. फक्त दोन नंबरच्या प्रेसचा सेन्सर रोज सकाळी तपासत जा."

गोकुळनं वाकून त्याच्या पायांना हात लावला, आणि शेजारी बसलेल्या म्हातारीच्याही.

द्वारकाबाईनं रत्नमालाच्या कानाशी तोंड नेलं. "कडूची जागा ह्यालाच दिली न्हवं?"

रत्नमालानं मान हलवली. आता ही काय बोलते, म्हणून तिचा जीव टांगणीला लागला.

"हिकडं ये लेकरा," द्वारकाबाई म्हणाली. "ते कागद दाव. ह्यात तुझं नाव कुठंय?"

गोकुळनं बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या नावावरून तळवा फिरवला. मग पत्र त्याच्या खिशात नीट घातलं, त्याच्या दोन्ही गालांवरून हात उतरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"लई मोठा व्हय," ती म्हणाली.

कडुबा उठला. टेबलावरचे चहाचे रिकामे कप एकात एक घालून त्यानं कोपऱ्यातल्या डब्यात टाकले, आणि तिकडं तोंड करून जरा वेळ उभा राहिला.